विहिरीवरची बाई काय म्हणाली

माझ्या हातून एक निकाल घाईत दिला गेला आणि तो छापूनही आला. गोंधळाला तिथून सुरुवात झाली.

मी गिरगावात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. सव्वीस वर्षं झाली. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये आमची फिल्म सोसायटी भरते, महिन्यातून दोन शनिवारी. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. सगळं जग मोबाइलवर सिनेमे बघायला लागलं तरी ही मंडळी अजून डीव्हीडी आणि ब्लू-रे विकत घेतात, कपाटात ओळीने लावतात आणि एकमेकांना उसन्या द्यायला कुरकुरतात. सोसायटीचं एक चार पानी पत्रक निघतं. त्याचे संपादक म्हणजे एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सगळे सरच म्हणतात.

एकदा सर म्हणाले, "मूकपटांच्या तीन-तीन, चार-चार आवृत्त्या बाजारात असतात. लोक मला विचारतात, कुठली घेऊ? तुम्ही एक सदर लिहा. दिवसभर लोकांना धूसर काय आणि स्वच्छ काय ते तुम्हीच सांगता."

"सर, मला सिनेमातलं तेवढं कळत नाही."

"सिनेमातलं नकोच आहे. प्रिंट कशी आहे, चित्र कसं दिसतं, एवढंच सांगा. आणि निकाल एका ओळीत. शेवटी लोकांना तेवढंच हवं असतं."

मला ते काम सोपं वाटलं. पहिल्याच वेळी सरांनी एका जुन्या मराठी मुलखातल्या मूकपटाच्या तीन डिस्क हातात ठेवल्या. गोष्ट साधी होती. एका घरात धाकटी सून येते, नवरा गलबतावर जातो, सासरी तिचे हाल होतात, शेवटी नवरा परत येतो. पहिली डिस्क इथलीच, खूप वर्षांपूर्वीची, स्वस्तातली. तिच्यात चित्रावर उभे ओरखडे, माणसांची डोकी वरून छाटलेली आणि सगळे जण मुंग्यांसारखे लगालगा पळणारे. दुसरी अलीकडची, संगणकावर धुऊन काढलेली. एकही डाग नाही, चेहरे काचेसारखे. तिसरी परदेशातून आलेली. तिच्यात चित्र दाणेदार होतं, दिवसाचे प्रसंग तपकिरी आणि रात्रीचे निळे रंगवलेले होते, आणि माणसं फार सावकाश हलत होती.

मी लिहून टाकलं: पहिली टाकाऊ. तिसरी अभ्यासकांसाठी ठीक. घ्यायची तर दुसरी, धुतलेली. पत्रक निघालं, तिघा-चौघांनी माझं ऐकून ती डिस्क मागवलीसुद्धा.

पुढच्याच आठवड्यात दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. जाड पांढरी मिशी, हातात आमचं पत्रक. मला वाटलं डोळे तपासायला आले असतील. त्यांनी पत्रक काउंटरवर ठेवून विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"मी इथल्याच एका थेटरात चौतीस वर्षं ऑपरेटर होतो. प्रोजेक्टर चालवायचो. तुम्ही त्या लग्नाच्या प्रसंगातल्या अक्षता बघितल्या का?"

मला आठवेना. लोक हात उंच करत होते, ते आठवत होतं. "आशीर्वाद देतात तो प्रसंग ना?"

"आशीर्वाद नव्हे, अक्षता टाकतायत. तुमच्या त्या धुतलेल्या डिस्कमध्ये अक्षताच नाहीत. बघा जाऊन." आणि ते चष्मा न करताच निघून गेले.

घरी जाऊन मी पाहिलं. धुतलेल्या डिस्कमध्ये मांडवातली माणसं रिकामे हात वर करत होती, आणि वधूवरांवर काहीच पडत नव्हतं. मग परदेशी डिस्क लावली. पांढऱ्या दाण्यांचा सडा. पहिल्या टाकाऊ डिस्कमध्येसुद्धा ओरखड्यांतून दाणे ओळखू येत होते. संगणकाला ते डाग वाटले असणार. त्याने एकूणएक अक्षत पुसून टाकली होती, आणि मी त्याला 'अत्यंत स्वच्छ' म्हटलं होतं. बरं, रिकामे हात बघूनही मला काही खटकलं नव्हतं. त्या काळी असाच आशीर्वाद देत असतील, असं मी मनातल्या मनात ठरवून मोकळी झाले होते. मी शरमले. सरांना फोन करून म्हटलं, पुढच्या अंकात दुरुस्ती देते.

"द्या की," सर म्हणाले. "पण एका ओळीत. मग कुठली घ्यायची?"

ते मला अजून सांगता येत नव्हतं.

लालबागला आमची चाळ होती तिथे आता टॉवर आहे. त्यात सोळाव्या मजल्यावर मी आणि माझी आत्या अशा दोघी राहतो. आत्या बहात्तर वर्षांची आहे. तरुणपणी ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या मशीनवर होती. तिथल्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, त्यामुळे सगळ्या बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या. गिरणी बंद झाली तोवर आत्याचे कान बरेच गेले होते, पुढे पुरतेच गेले. पण तिला फारसं अडलं नाही. समोरचा माणूस तोंड दिसेल असा उभा असला की ती सगळं समजते. टीव्हीवरच्या मालिका ती आवाज बंद ठेवून बघते आणि मला कथानक सांगते.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तिन्ही डिस्क पुन्हा लावायला बसले. आत्या शेवग्याच्या शेंगा सोलत शेजारी बसली. मला वाटलं, तिला कंटाळा येईल.

पहिली डिस्क बघून ती म्हणाली, "नुसती बडबड. काय कळणा नाय."

धुतलेली लावली. ती पुढे सरकून बघायला लागली, मग मागे टेकली. "ह्येंची तोंडा कोणी लोण्याची केली? ओठ वितळतत."

मी हसले, पण तिचं बरोबर होतं. डिस्कच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हालचाल सुरळीत व्हावी म्हणून मधली चित्रं संगणकाने तयार करून भरली आहेत. म्हणजे त्या ओठांची निम्मी हालचाल कुणी केलेलीच नव्हती.

परदेशी डिस्कवर ती म्हणाली, "आणि ही झोपेत बोलतत."

मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं की ती त्यांचं बोलणं वाचायचा प्रयत्न करतेय. मूकपट म्हणजे मुका, असं मी धरून चालले होते. ती माणसं कॅमेऱ्यासमोर खरोखर काहीतरी बोलत असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी लॅपटॉपवर ती डिस्क घेतली आणि वेग थोडा वाढवला. सव्वापट केला तेव्हा आत्याने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं.

"आता बोलतत बघ."

पडद्यावर लग्न चाललं होतं. वधूची आई तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती. मग मजकुराची पाटी आली, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत: 'बाळे, आजपासून सासर हेच तुझे घर.'

"असा नाय म्हणाली ती," आत्या म्हणाली. "ती म्हणता, 'अगं, समई सरकव तिकडे, माझ्या हाताला चटका बसतोय.'"

मी पुन्हा लावून बघितलं. वधूच्या आईचा हात खरंच समईजवळ होता, आणि वधूने पायाने समई हळूच पलीकडे ढकलली. हे मी तीन डिस्क मिळून सहा-सात वेळा पाहिलं होतं आणि एकदाही दिसलं नव्हतं.

मग आम्हाला नादच लागला. सासरा रागाने हात उगारतो आणि पाटीवर 'चालती हो' असं येतं, तिथे तो म्हणत होता, 'मिशी सुटतेय का रे?' दोन जण भांडत असताना मधला एक जण नुसताच आकडे मोजत होता, बहुतेक आपली वेळ यायची वाट बघत. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसत होते आणि वहीत लिहून घेत होते.

मग विहिरीचा प्रसंग आला. नायिकेची मोठी जाऊ एकटीच विहिरीवर येते, कळशी ठेवते आणि आभाळाकडे बघून रडते. पाटी येते: 'देवा, माझ्या भाऊजींना सुखरूप घरी आण.' ती बाई सिनेमात एवढ्याच प्रसंगात जवळून दिसते.

आत्या हसायची थांबली. मला वाटलं, तिला नीट कळलं नसेल, म्हणून मी तो भाग परत लावला. तिने पूर्ण बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती म्हणता, 'पुरे आता. घरी पोरगी तापलीय. सोडा मला.'"

ती शेंगांचं ताट घेऊन आत गेली.

इथे मला एक सांगायला हवं. आत्याला एक मुलगी होती. हे मला आईने एकदाच सांगितलं होतं, मी कॉलेजात असताना, आणि आत्यापुढे कधी बोलायचं नाही असं बजावून. मुलगी चार वर्षांची होती. तिला ताप आला असताना आत्या पाळीवर होती. शेजारणीने निरोप पाठवला, आत्याने जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे, घरी जायची परवानगी मागितली. तो म्हणाला, पाळी संपू दे. ती परळच्या हॉस्पिटलात पोहोचली तोवर उशीर झाला होता. नंतर नवऱ्याचं घर सुटलं आणि ती आपल्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे आली. मी तिला कायम आमच्याकडेच पाहिलंय.

त्यामुळे स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत असताना मी लॅपटॉपसमोर बसून राहिले, आणि मला एवढंच कळेना की ते वाक्य त्या बाईने म्हटलं होतं की माझ्या आत्याने.

पुढच्या रविवारी सरांकडून पत्ता मिळवून मी आत्याला घेऊन गिरगावात त्या ऑपरेटरकाकांकडे गेले. अक्षतांबद्दल त्यांचे आभार मानायचे होते, आणि आणखी एका माणसाने हे बघावं असंही वाटत होतं. काकांनी मोठा टीव्ही झाडूनपुसून ठेवला होता. ते वेगाबद्दल सांगायला लागले. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा चित्रं, कुणी अठरा, कुणी वीस, जसा ज्याचा हात. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आत्याला काही कळत नाहीये.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

आत्याच म्हणाली, "तुमची मिशी. वरचो ओठ दिसणा नाय. ती कापा आधी, मग बोला."

काका बराच वेळ मिशीवर हात ठेवून बसले. मग उठून आतून कात्री आणली आणि आरशासमोर उभं राहून खरोखरच ओठावर आलेले केस कापले. त्यानंतर दोघांचं छान जमलं.

त्यांना मी वहीतली वाक्यं वाचून दाखवली, विहिरीवरचं धरून. 'मिशी सुटतेय का रे?' ऐकून ते खूश झाले. मग आम्ही परदेशी डिस्कवरचा विहिरीचा प्रसंग लावला. आत्या चहाचे कप आत ठेवायला गेली होती. काकांनी एका जागी चित्र थांबवलं, मागे घेतलं, पुढे घेतलं.

"इथे उडी आहे," ते म्हणाले. "दिसतेय? फिल्म तुटलेली होती, ती कापून चिकटवलीय. दीड-दोन सेकंदांचा तुकडा गेलाय. बाईचं तोंड इकडे होतं, एकदम तिकडे झालं."

मी बघितलं. 'पुरे आता'नंतर एक झटका आणि मग थेट 'सोडा मला'. मधलं काही त्या डिस्कवर नव्हतंच.

"मग मधलं वाक्य?" काकांनी विचारलं.

मधलं वाक्यच तर मला छळत होतं.

तेवढ्यात आत्या परत आली, टीव्हीकडे बघून थांबली आणि म्हणाली, "हिची नथ उजव्या नाकात कशी? मघाशी डाव्या होती."

काका उडालेच. त्यांनी आधीचा प्रसंग लावला. जावेची नथ डाव्या नाकपुडीत. विहिरीवर उजवीकडे. "उलटी छापलीय!" ते ओरडले. "फिल्म उलटी धरली कुणीतरी. एवढी मोठी परदेशी संस्था, एवढा खर्च, आणि आख्खा शॉट उलटा!" मी सोबत आणलेली स्वस्त डिस्क लावली. तिच्यात विहिरीवरही नथ डावीकडेच होती, आणि कळशी उजव्या हातात. म्हणजे आता मी तिन्हींत सर्वांत चांगली मानू लागले होते ती परदेशी डिस्क या प्रसंगात तरी चुकीची होती, धुतलेलीत अक्षता नव्हत्या, आणि जिला मी टाकाऊ म्हटलं होतं तिच्यात निदान नथ जागेवर होती. कुठली घ्या म्हणून सांगायचं, ते मला आता मुळीच कळेना. काकांना मात्र उत्साह चढला होता. ते त्याच दिवशी परदेशी संस्थेला ईमेल लिहायला बसणार होते आणि मला इंग्रजी तपासून द्यायला सांगत होते.

घरी आल्यावर मला स्वस्थ बसवेना. धुतलेल्या डिस्कमध्येही तिथे तोच झटका होता, पण स्वस्त डिस्कची प्रिंट वेगळी होती. तिच्यात तो तुटलेला तुकडा असेल का? सोमवारी मी दुकानातून रजा घेतली. सकाळी मी ती डिस्क लॅपटॉपवर लावली आणि वेग कमी करत विहिरीपर्यंत आणली. तुकडा होता. वरून बाईचं कपाळ छाटलेलं, मधून एक ओरखडा गेलेला, पण तोंड शाबूत. ती काहीतरी बोलत होती, दीडेक सेकंद.

मी आत्याला बोलावलं. काही न सांगता तेवढंच दाखवलं. एकदा, दोनदा, चारदा.

"घरी पोरगी..." ती म्हणाली आणि थांबली.

"पुढे?"

"'तापलीय' असात. नायतर 'आपलीय'."

"नक्की काय?"

ती माझ्याकडे वळली. चिडली नव्हती, शाळेत शिकवावं तसं सांगत होती. "'त' ओठार दिसणा नाय, बाय. जीभ आत असता. 'तापली' आणि 'आपली' एकच दिसता." मग तिने गिरणीतली गोष्ट सांगितली. एकदा पलीकडच्या मशीनवरून मैत्रिणीने तिला सांगितलं, गेटवर मामा आलेत. आत्याचा मामा म्हणजे सतत लग्नाच्या गोष्टी काढणारा. तिने सुट्टी झाल्यावर मागच्या दरवाजाने पळ काढला. घरी आली तर कळलं, गेटवर तिचे बाबा होते, गावाहून आलेले, आणि दोन तास उन्हात उभे होते. "मामा म्हण, बाबा म्हण, पापा म्हण. ओठार सगळा एकच."

"मग तुला कळतं कसं?"

"मागचापुढचा बघून. माणूस कोण, ता कशाक बोलता, ता बघून."

मी धीर करून विचारलं, "आत्या, त्या रविवारी तू ज्या डिस्कवर हे वाक्य सांगितलंस, तिच्यात हा तुकडाच नाही. फिल्म तुटलीय तिथे. मग तू वाचलंस कसं?"

तिने थोडा वेळ विचार केला. खरोखर विचार केला, मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. "त्याआधी ही पळणारी बघितली होती ना. तिच्यात दिसला असात."

"तेव्हा तू म्हणाली होतीस, नुसती बडबड, काही कळत नाही."

"व्हय," ती म्हणाली. "म्हणाली होतंय." तीही आता गोंधळली होती. मग उठली, आणि मी विषय वाढवला नाही.

दुरुस्ती द्यायची तारीख आली. मी लिहायला बसायचे आणि तीन ओळींच्या पुढे जायचे नाही. दुकानात लोकांचे डोळे तपासतानाही तेच डोक्यात. शेवटी मी सगळं लिहून काढलं, अक्षता, लोण्यासारखे ओठ, वेग, आत्याने वाचलेली वाक्यं, नथ, तुटलेला तुकडा. विहिरीवरचं वाक्य मात्र लिहिलं नाही. 'स्वस्त डिस्कमध्ये एक महत्त्वाचा तुकडा शिल्लक आहे' एवढंच.

सरांनी वाचून फोन केला. "हे सुंदर आहे. पण निकाल कुठाय?"

"निकाल नाही, सर."

"असं कसं? लोक विचारतील."

"मग सांगा, मला ठरवता येत नाहीये."

सर म्हणाले, "असं करू. तो सिनेमाच दाखवू. परदेशी प्रिंट, तुम्ही म्हणता त्या वेगाने. आणि तुमच्या आत्या पुढे बसून सांगतील कोण काय बोलतंय. लोकांना स्वतःच ठरवू दे."

आत्याला वाटलं तिची थट्टा चाललीय. मग नवी साडी काढली.

त्या शनिवारी हॉल कधी नव्हे तो भरला. काका पहिल्या रांगेत, मिशी बारीक कातरलेली. आत्याला पडद्याच्या बाजूला खुर्ची आणि माइक दिला होता. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ती एकाच पट्टीत, मोठ्याने बोलत होती. समईच्या वाक्याला सगळा हॉल हसला. सासऱ्याच्या मिशीला टाळ्या पडल्या. लोक हसताना दिसले की ती थांबायची आणि हसणं संपेपर्यंत वाट बघायची, नाटकातल्या जुन्या नटासारखी. मला अभिमान वाटत होता, पण विहीर जवळ येत होती.

जाऊ विहिरीवर आली, कळशी ठेवली, वर बघितलं. तिचे ओठ हलले. झटका आला, पुन्हा हलले. सगळे आत्याकडे बघत होते.

पडद्यावर पाटी आली. आत्याने माइक तोंडाशी नेला आणि पाटीवरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं: "देवा, माझ्या भाऊजींना सुखरूप घरी आण."

लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते पुढच्या प्रसंगाला हसायला तयार झाले. काकांनी तेवढं वळून माझ्याकडे बघितलं.

नंतर हॉलबाहेर, टॅक्सीची वाट बघताना, मी तिच्यासमोर उभी राहून विचारलं, "विहिरीवरचं का नाही सांगितलंस?"

"चार लोकांत कित्याक सांगूचा?" ती म्हणाली. "तिच्या घरचा ता."

'तिच्या' म्हणजे कुणाच्या, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, हेही मला अजून कळलेलं नाही.

दुरुस्ती छापून आली, निकालाशिवाय. काही सभासद नाराज झाले. धुतलेली डिस्क मागवलेल्या एकाने मला फोन करून अक्षता परत कशा आणता येतील असं विचारलं. काकांच्या ईमेलला परदेशी संस्थेचं उत्तर आलं. नथीबद्दल त्यांनी आभार मानले होते, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणाले होते. काकांनी ते छापून भिंतीवर लावलंय.

ती जाऊ झालेली नटी कोण, हे मी शोधायचा प्रयत्न केला. परदेशी डिस्कबरोबरच्या पुस्तिकेत कलाकारांची यादी आहे. तिच्या नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलंय. बाकी दोन डिस्कवर तिचा उल्लेखच नाही. सरांनी दोन-तीन जाणकारांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

परवा सकाळी बांगडे साफ करताना आत्याने एकदम विचारलं, "त्या विहिरीवरच्या बायची पोरगी बरी झाली असात काय गो?"

मी नळ बंद केला आणि तिच्याकडे तोंड केलं. मला 'झाली' म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं.

"माहीत नाही गं, आत्या," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "कसा म्हायत असतला." आणि पुढचा बांगडा हातात घेतला.